एका जुलैत तीन खेळ: कसोटी, टूर आणि ओपन (२०२५)

चौथी_स्लिप · २ जुलै

जुलै आला की माझी तारांबळ ठरलेली. इंग्लंडविरुद्धची एजबॅस्टनची कसोटी आज सुरू झाली, शनिवारी लीलमधून टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुटतेय, १७ तारखेपासून रॉयल पोर्टरशला गोल्फची ओपन. गेल्या वर्षी तिन्हींचे वेगळे धागे काढले होते. क्रिकेटच्या धाग्यावर हाणामारी, सायकलच्या धाग्यावर चारपाच जण आणि गोल्फच्या धाग्यावर दोन प्रतिसाद, त्यातला एक नुसता "वाचतोय". म्हणून यंदा सगळ्यांना एकाच मांडवात बसवतोय.

नियम एकच. दुसऱ्याच्या खेळाला "हा काय खेळ झाला?" म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर आधी तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघायचा.

हेडिंग्लीच्या पहिल्या कसोटीवर रडून झालं असेल असं धरून चालतो. एका कसोटीत पाच शतकं ठोकून हरणारा पहिला संघ म्हणजे आपण. त्यातली दोन एकट्या पंतची. इंग्लंडनं ३७१ काढल्या, पाच गडी राखून. असो.

घाटवेडा · २ जुलै

रुमाल टाकून ठेवतो. शनिवारी सविस्तर.

बंकरवाली · २ जुलै

गोल्फच्या धाग्यावरचा दुसरा प्रतिसाद माझा होता. ते "वाचतोय"वाले गृहस्थ यंदा आहेत का?

तिरपा_डोळा · ३ जुलै

वाचतोय.

घाटवेडा · ५ जुलै

सुटली! नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. आठ-आठ जणांचे २३ संघ, म्हणजे १८४ सायकलपटू. २१ टप्पे. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याची सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. स्प्रिंटच्या गुणांची हिरवी, घाटांच्या राजाची ठिपक्यांची, तरुणांतल्या पहिल्याची पांढरी. यंदा सगळी शर्यत फ्रान्सच्या हद्दीत आहे आणि २७ तारखेला पॅरिसला संपेल.

पण हा खेळ कळायला जर्सी नाही, वारा कळावा लागतो. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं तर मागच्याची ताकद बरीच वाचते. म्हणून एवढा मोठा घोळका एकत्र जातो, आणि म्हणूनच प्रत्येक संघात एक राजा आणि सात जण त्याच्यासाठी वारा खाणारे. त्यांना डोमेस्टिक म्हणतात. मी त्यांना पाणक्या म्हणतो, कारण गाडीपर्यंत मागे जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून पुढे आणणं हे खरोखरच त्यांचं काम आहे. आपला बारावा गडी निदान ड्रिंक्सच्या वेळेलाच धावतो.

जुनं_खोड · ५ जुलै

म्हणजे सात जण राबणार आणि एकाचं नाव होणार. यात नवीन ते काय?

चौथी_स्लिप · ६ जुलै

एजबॅस्टन जिंकलो!!! त्या मैदानावर आजवर एकही कसोटी जिंकली नव्हती. गिल २६९ आणि १६१. एका सामन्यात ४३० धावा एकट्याच्या. आणि बुमराह खेळतच नसताना आकाश दीप दहा बळी घेतो. ३३६ धावांनी! आज मला दुसरं काही सांगू नका.

बंकरवाली · ६ जुलै

नाही सांगत. अभिनंदन.

जुनं_खोड · ७ जुलै

चेंडूबद्दल कुणीच बोलत नाही. ड्यूक्सचा चेंडू तीस षटकांत कणकेसारखा मऊ पडतोय आणि दोन्ही कर्णधार पंचांपुढे उभे, चेंडूचा आकार त्या लोखंडी कडीतून तपासा म्हणून. पूर्वी हाच चेंडू ऐंशी षटकं शिवण टिकवायचा. फलंदाजांची सरासरी वाढली म्हणून नाचणाऱ्यांनी हेही लिहावं.

घाटवेडा · १३ जुलै

लॉर्ड्समध्ये गुंतलेल्यांनो, आज इकडे काय झालं ते वाचा. शातोरूचा टप्पा, १७४ किलोमीटर, पोळपाटासारखा सपाट. असे टप्पे स्प्रिंटवाल्यांचे, बाकीचे हवापाण्याच्या गप्पा मारत जातात. आज मात्र मॅथ्यू वान डर पुल आणि त्याच्या संघातला पाणक्या योनास रिकार्ट, दोघंच पहिल्या किलोमीटरपासून पळाले. रिकार्टला एकदा टूरच्या मंचावर उभं राहायचं होतं, म्हणून. दोघांनी आळीपाळीनं वारा खाल्ला. शेवटाकडे रिकार्ट संपला, वान डर पुल एकटा राहिला आणि अंतिम रेषा दिसत असताना, किलोमीटरभरही उरला नसताना घोळक्यानं त्याला गिळला. मेर्लिए जिंकला. पण दिवसाचा झुंजार म्हणून मंचावर कोण गेलं? रिकार्ट.

सपाट टप्पे कंटाळवाणे म्हणणाऱ्यांनी रांगेत उभं राहा.

चौथी_स्लिप · १३ जुलै

मी उभा आहे रांगेत. चार तास सायकली बघणं मला नाही जमायचं. इथे १९३ हव्यात आणि ५८ वर चार गेलेत, माझी नखं खाऊन संपली आहेत. पैज लावतो: उद्या हरलो तर पुढचा सपाट टप्पा शून्य किलोमीटरपासून बघेन. जाहिरातींसकट.

घाटवेडा · १३ जुलै

सगळ्यांनी नोंद घ्या.

चौथी_स्लिप · १४ जुलै

बावीस धावा.

सिराज चेंडू बॅटच्या मधोमध खेळतो. बशीरचा चेंडू. तो जमिनीवर पडतो, मागे फिरतो, घरंगळत जातो आणि लेग स्टंपची बेल पाडतो. बशीरच्या बोटाचं हाड मोडलेलं होतं. जडेजा समोर ६१ वर नाबाद, १८१ चेंडू खेळून. बुमराहनं ५४ चेंडू काढले, सिराजनं तीस. दोन्ही पहिले डाव ३८७ चे, म्हणजे सगळी लढाई दुसऱ्या डावातच, आणि ती अशी संपली. पायानं तो चेंडू नुसता ढकलला असता तर.

जुनं_खोड · १४ जुलै

जडेजानं मारायला हवं होतं. खालच्या फळीला सोबत घेऊन एकेरी धावा कसल्या नाकारता? बशीर आणि रूटला दोन षटकांत दोन षटकार लगावले असते तर सामना खिशात.

बंकरवाली · १४ जुलै

यावर मला बोलायचं आहे, पण गोल्फच्या भाषेत, चालेल ना?

पोर्टरशला सोळावं होल आहे, कॅलॅमिटी कॉर्नर. पार तीनचं, म्हणजे चांगल्या खेळाडूनं तीन फटक्यांत चेंडू भोकात घालावा. पण लांबी २३६ यार्ड आणि ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, उजव्या हाताला खोल घळ. चेंडू तिकडे गेला की तुम्ही खाली कुठेतरी गवतात, ग्रीन डोक्याच्या वर. १९५१ मध्ये तिथे पहिल्यांदा ओपन झाली तेव्हा बॉबी लॉकनं काय करावं? त्यानं ग्रीनवर नेम धरलाच नाही. चारही दिवस मुद्दाम डावीकडच्या एका खळग्यात चेंडू टाकला, तिथून चिप (छोटा उचललेला फटका), एक पट (ग्रीनवरून घरंगळवलेला फटका), पार. चारही दिवस तीन. त्या खळग्याला आजही त्याचंच नाव आहे.

सरळ ग्रीनवर मारणाऱ्यांपैकी काहींना दोन मिळाले असतील, पण काहींना सहाही मिळाले असतील. जडेजा डावीकडे खेळत होता. त्याचा हिशेब बावीस धावांनी चुकला, पण हिशेब होता. ८२ वर सात होते तेव्हा १७० कुणी धरले होते का?

जुनं_खोड · १४ जुलै

लॉक जिंकला का त्या वर्षी?

बंकरवाली · १४ जुलै

नाही. मॅक्स फॉकनर जिंकला. :)

चौथी_स्लिप · १६ जुलै

पैज फेडली. काल विश्रांतीचा दिवस होता, त्यामुळे तुलूझचा अकरावा टप्पा वाट्याला आला. ऐकीव नाही सांगत, खरंच शून्यापासून बघितला.

पहिला तासभर मी मनातल्या मनात घाटवेड्याला शिव्या घातल्या. मग कळायला लागलं की हे सत्राच्या सुरुवातीसारखं आहे. कोण पळतोय, कुणाला जाऊ देताहेत, कुणाला नाही, यातच सगळं चाललेलं असतं. नवीन चेंडूवर फलंदाज काय सोडतो ते बघावं लागतं, तसंच. जिंकला आब्राहमसन, नॉर्वेचा, श्मिटला चाकाच्या पट्टीनं हरवून. या माणसाचं गळ्याजवळचं हाड चारच आठवड्यांपूर्वी मोडलं होतं म्हणे.

पण मला लिहायचंय ते मागचं. शेवटच्या चारेक किलोमीटरवर गतविजेता पोगाचार पडला. दुसऱ्या एकाच्या चाकाला लागून. साखळी निसटली, अंगावर खरचटलं. मी ताडकन उठलो, म्हटलं आता बाकीचे सुसाट सुटणार, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, विंगगार्डला, आयती संधी. आणि ते चक्क थांबले. म्हणजे थांबले नाहीत, पाय सैल सोडले. तो उठला, साखळी चढवली, येऊन मिळाला. एकही सेकंद गेला नाही त्याचा.

हे काय असतं? असा नियम आहे?

घाटवेडा · १६ जुलै

नियम नाही. नियमात एवढंच आहे की सपाट टप्प्याच्या शेवटच्या ठरावीक अंतरात पडलात तर वेळ धरली जात नाही. तो त्या अंतराच्या जरा अलीकडे पडला. बाकीच्यांनी पळ काढला असता तर कुणी दंड केला नसता. पण नुसत्या दुर्दैवावर कुणाचा फायदा उचलायचा नाही, अशी घोळक्याची रीत आहे. रीतच, कायदा नव्हे. आणि ती नेहमी पाळली जाते असंही नाही, यावर पन्नास वर्षं भांडणं चालू आहेत.

जुनं_खोड · १६ जुलै

स्पर्धा आहे की पंगत? फलंदाज धावताना घसरला तर क्षेत्ररक्षकानं चेंडू हातात धरून उभं राहायचं का?

चौथी_स्लिप · १६ जुलै

खोडबुवा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मला ते बघताना बरं वाटलं एवढं खरं.

घाटवेडा · १७ जुलै

ज्यांनी काल वाट बघितली त्यांना आज ओताकामच्या घाटावर पोगाचारनं दोन मिनिटं दहा सेकंदांनी धुतलं. २०२२ मध्ये याच घाटावर विंगगार्डनं त्याची टूर संपवली होती. आता खोडबुवा म्हणतील, बघा, उपकाराची परतफेड!

जुनं_खोड · १७ जुलै

म्हणतोच आहे.

बंकरवाली · १८ जुलै

कालपासून ओपन चालू आहे, कुणाला आठवण आहे का? :) असू दे. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती चौथी_स्लिपच्या प्रश्नाला धरूनच आहे.

शेन लोरी. २०१९ मध्ये पोर्टरशला ६८ वर्षांनी ओपन परतली तेव्हा हाच सहा फटक्यांनी जिंकला होता, सगळं गाव त्याच्या पाठीशी. आज बाराव्या होलवर रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, त्यानं सरावाचा एक झोका घेतला आणि चेंडू किंचित हलला. त्याला दिसलं नाही. कॅमेऱ्याला दिसलं. पंधराव्यावर पंचांनी येऊन सांगितलं. फेरी संपल्यावर चित्रफीत बघितली, आपल्याला काही दिसलं नव्हतं असं तो म्हणाला, पण दंड मान्य केला. दोन फटके. सत्तरचे बहात्तर. कट जवळ आलेली असताना. कट म्हणजे दोन दिवसांनंतर पहिले सत्तर आणि बरोबरीतले राहतात, उरलेले घरी. तो राहिला कसाबसा.

गोल्फमध्ये खेळाडूनं स्वतःवर स्वतः दंड लावून घ्यायचा असतो, पंच प्रत्येकाच्या मागे फिरत नाही. आता कॅमेरे फिरतात. माझी शंका अशी की ज्याच्या मागे जास्त कॅमेरे त्याचाच चेंडू जास्त हलतो. शेवटून तिसऱ्या जोडीतल्या कुणाचा हलला असेल तर कोण बघतंय?

चौथी_स्लिप · १९ जुलै

शंका रास्त. डीआरएस नसलेल्या सामन्यातल्या पायचीतसारखं.

बंकरवाली · १९ जुलै

अवांतर: आज मॅकिलरॉयनं अकराव्यावर रफमधून फटका मारला तर गवतातून दोन चेंडू उडाले. एक त्याचा, एक कुणाचातरी कधीचा पुरलेला! चेहरा बघण्यासारखा होता. आणि पुढच्याच होलवर ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी. एप्रिलमध्ये मास्टर्स जिंकून चारही मोठ्या स्पर्धा पूर्ण केल्या, तेव्हापासून जरा मोकळा हसतो.

बंकरवाली · २० जुलै

ओपन शेफलरची. चार फटक्यांनी, पार खाली सतरा. आठव्यावर डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) केली तेव्हा वाटलं आता रंगत येणार, तर नवव्यावर लगेच बर्डी (एक कमी). इतका शांतपणे जिंकला की लिहायला काही उरत नाही. स्पर्धेआधी पत्रकारांना हाच माणूस सांगत होता की जिंकल्याचा आनंद काही मिनिटं टिकतो आणि मग पुढे काय, हा प्रश्न त्याला पडतो. लोकांना ते उद्धट वाटलं. मला प्रामाणिक वाटलं.

घाटवेडा · २० जुलै

आज कारकासोनला टिम वेलेन्स जिंकला. पोगाचारचा पाणक्या! रोज राजासाठी वारा खाणारा आज एकटा पुढे निघाला आणि एकटाच पोचला. शेफलरपेक्षा जास्त हसत होता.

चौथी_स्लिप · २३ जुलै

पंत. वोक्सला रिव्हर्स स्वीप मारताना चेंडू पायावर. बूट काढला तर पाऊल टम्म सुजलेलं. गाडीतून नेला.

चौथी_स्लिप · २४ जुलै

पाऊल मोडलंय आणि तो जिना उतरून फलंदाजीला आला. सगळं ओल्ड ट्रॅफर्ड उभं. ५४ करून गेला. मला धड टाइप करता येत नाहीये.

जुनं_खोड · २४ जुलै

आता तरी बदली खेळाडूचा नियम आणा. डोक्याला लागलं तर बदली मिळतो, पाय मोडला तर नाही, हे कुठलं शास्त्र?

घाटवेडा · २४ जुलै

टूरमध्ये कुठल्याच कारणानं बदली नाही. आठातले चार गेले तर चारावर रेटा. एव्हनेपूलनं शनिवारी तुरमालेच्या घाटात शर्यत सोडली, तिसऱ्या क्रमांकावर असताना. संघ तसाच पुढे.

बंकरवाली · २४ जुलै

गोल्फमध्ये तर संघच नाही.

चौथी_स्लिप · २७ जुलै

आजचं भांडण इथे आणतोच, कारण टीव्हीवर ते चुकीचं चाललंय.

३११ धावांनी मागे, पहिल्याच षटकात शून्यावर दोन गडी. तिथून गिलचं शतक, राहुलचे ९०, आणि मग जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर. सामना वाचला. शेवटचा तास लागताना त्यांचा कर्णधार स्टोक्स हात मिळवायला आला, म्हणजे सामना अनिर्णित सोडू या म्हणायला. जडेजा ८९, सुंदर ८०. यांनी नाही म्हटलं. मग स्टोक्सनं ब्रूकला चेंडू दिला, त्यानं लोंबकळते चेंडू टाकले, जडेजानं षटकार मारून शतक पुरं केलं, सुंदरचं कसोटीतलं पहिलं शतक झालं, आणि मग हात मिळाले.

आता इंग्लंडवाले म्हणतात हे रीतीला धरून नव्हतं. कुठली रीत? दिवसभर उन्हात उभं राहून सामना वाचवला त्यांनी. हात मिळवायचा की नाही हे दोन्ही बाजूंच्या मर्जीवर असतं, कायद्यातच तसं आहे.

जुनं_खोड · २७ जुलै

तू १६ तारखेला काय लिहिलंस ते वाच. नियम नाही पण रीत आहे, बघून बरं वाटलं. आज रीत आपल्या विरुद्ध गेली तर लगेच कायदा काढलास.

चौथी_स्लिप · २७ जुलै

...

घाटवेडा · २७ जुलै

खोडबुवांचा यॉर्कर. मधली यष्टी.

पण मी चौथी_स्लिपच्या बाजूनं आहे, आणि कारण सांगतो. घोळका थांबतो तो पडलेल्यासाठी. ज्याच्याकडे ताकद शिल्लक आहे त्यानं, ज्याचं नशीब फिरलंय त्याला दिलेली सूट असते ती. आज स्टोक्सनं दिलेली सूट कुणाला होती? त्याच्याच दमलेल्या गोलंदाजांना. त्यात वावगं काही नाही, पण घ्यायची की नाही हे समोरच्यानं ठरवायचं.

बंकरवाली · २७ जुलै

मला ब्रूकच्या गोलंदाजीचा जास्त राग आला. गोल्फमध्ये समोरच्याचा छोटा पट "दिला" म्हणून सोडता येतो, फक्त मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत खेळायच्या प्रकारात. द्यायचा तर मोकळ्या मनानं द्यावा, नाहीतर घालायला लावावा. दिल्यासारखं करून टोमणा मारू नये.

जुनं_खोड · २७ जुलै

हे पटलं. लिहून ठेवा, खोडाला एकदा पटलं.

घाटवेडा · २७ जुलै

आणि या गोंधळात पॅरिस कुणी बघितलं? शाँझेलिझेवरची नेहमीची मिरवणूक नव्हती यंदा, मोंमार्त्रचा चढ तीनदा ठेवला होता. पाऊस, फरशीचे रस्ते, म्हणून वेळा आधीच गोठवल्या. पिवळी जर्सी पक्की असूनही पोगाचार झुंजत राहिला आणि शेवटच्या चढावर वाउट वान आर्टनं त्याला मागे टाकलं. पोगाचारची चौथी टूर, विंगगार्ड दुसरा, लिपोविट्स तिसरा. फ्रेंचांच्या पदरी एकच टप्पा, वाँतूवरचा पारे-पँत्रचा. १९८५ मध्ये टूर जिंकणाऱ्या इनोनंतर त्यांची वाट बघणं चालूच.

चौथी_स्लिप · ४ ऑगस्ट

ओव्हल. सहा धावा. सहा. कसोटीत इतक्या कमी धावांनी आपण कधी जिंकलो नव्हतो.

सकाळी ३५ हव्या होत्या, चार गडी हातात. पहिल्या दोन चेंडूंवर ओव्हरटननं दोन चौकार मारले तेव्हा मी आवाज बंद केला. मग सिराजनं स्मिथ, ओव्हरटन. प्रसिद्धनं टंग. आणि जिन्यावरून वोक्स. निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरच्या आत बांधलेला. अॅटकिन्सन त्याला एकही चेंडू खेळू देत नव्हता, पण धावा तर पळाव्याच लागतात, आणि प्रत्येक धावेला वोक्सचा चेहरा. मग सिराजचा यॉर्कर. मालिका २-२.

काल ब्रूकचा झेल घेऊन सीमारेषेवर पाय टेकवणारा सिराज हाच. १९ वरचा ब्रूक १११ करून गेला. पाचही कसोट्या खेळलेला आपला एकमेव वेगवान गोलंदाज, २३ बळी. घाटवेड्या, तुझ्या भाषेत सांगायचं तर पाणक्याच होता हा. बुमराह नसेल तेव्हा वारा कोण खाणार, सिराज.

घाटवेडा · ४ ऑगस्ट

वेलेन्स!

तिरपा_डोळा · ४ ऑगस्ट

महिनाभर वाचतोय, आज लिहितो.

वोक्सचा खांदा पहिल्या दिवशी निखळला तो करुण नायरचा चेंडू सीमारेषेवर अडवताना. नायर आणि सुंदर तीन धावा पळाले होते, चौथी सहज होती. वोक्स खाली पडून कळवळत होता. नायरनं चौथी घेतली नाही, सुंदरलाही नको म्हणाला. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, मीही नाही. आज सामना सहा धावांनी जिंकलो तेव्हा ती आठवली.

घोळका थांबला होता ओव्हलवरही. फक्त आपण २७ तारखेच्या भांडणातच अडकलो होतो.

जुनं_खोड · ४ ऑगस्ट

एका गड्यानं हरलो असतो तर मी तुमच्यावर चालून आलो असतो. पण जिंकलो. तेव्हा नायरला सलाम, आणि त्या चौथ्या धावेलाही.

चौथी_स्लिप · ५ ऑगस्ट

वाचतोय साहेब, लिहीत जा हो.

बंकरवाली · ५ ऑगस्ट

२६ सप्टेंबरपासून बेथपेजला रायडर कप. तीन दिवस, संघ आणि मॅच प्ले. दिलेले पट बघायला मिळतील. चौथी_स्लिप, ओव्हल जिंकलात म्हणून पैज नाही, पण पहिल्या टी शॉटपासून बसणार का?

चौथी_स्लिप · ५ ऑगस्ट

तीन दिवस??

रुमाल टाकून ठेवतो.